मय्यतीच्या घरचे जेवण कोणाच्या पैशाचे?

व्यापार-उदिमाच्या पानावर कफन-दफनाचा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. मसाइलचे पान वेगळे आणि हिशेबाचे पान वेगळे, अशी आपल्याला सवय झाली आहे. परंतु दुकानदार माणूस मरण पावतो तेव्हा त्याचा गल्ला, त्याची उधारीची वही, गोदामातला माल आणि बाजारातील देणी-घेणी ही सर्व मागे राहतात. पुढच्या चाळीस दिवसांत त्या गल्ल्यातून जो पैसा बाहेर पडतो, त्याचा हिशेब बहुतेक घरांत कोणीच ठेवत नाही. हा हिशेब धर्माचाही आहे आणि धंद्याचाही. म्हणून तो याच पानावर मांडणे आम्हाला योग्य वाटते.

धाराशिव शहरात आणि तालुक्यांच्या गावी सर्वसाधारण रीत अशी आहे. मय्यत झाली की लठ्ठा किंवा मांजरपाट, कापूर, अत्तर, अबीर, गुलाबपाणी, लोबान, अगरबत्ती यांची खरेदी होते. जनाजावर फुलांची चादर येते. कबरस्तानात वाटण्यासाठी तोशा म्हणून धान्य, गूळ, नाणी नेली जातात. तिसऱ्या दिवशी जियारत. मग दसवां, बीसवां आणि चाळीसवा. वर्षाने बरसी. जियारतीला फुले आणि थोडा खाना एवढ्यावर भागते, पण चाळीसव्याला मंडप, आचारी, बकरे, तांदूळ आणि दोन-तीनशे माणसांची पंगत असा थाट होतो. सुस्थितीतील घरांत कोणी बोट दाखवत नाही. ज्या घरी कर्ता माणूस गेला, लहान लेकरे राहिली, त्या घरीही हाच थाट व्हावा अशी बिरादरीची अपेक्षा असते आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

ही रीत आजकालची नाही. जाफर शरीफ नावाच्या दक्षिणी लेखकाने दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवर ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ लिहिला आणि डॉ. हर्कलॉट्स यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८३२ साली लंडनला प्रसिद्ध झाले. तिसऱ्या दिवसाची जियारत, दहावा, विसावा, चाळीसवा यांची वर्णने त्यात आहेत. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ दख्खनमध्ये हे चालत आले आहे. शेजारच्या घरात दहावा आणि तेरावा असतो, आपल्या घरात दसवां आणि चाळीसवा. एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांच्या रीती एकमेकांसारख्या होणे स्वाभाविक आहे. त्यात कोणाला हिणवण्यासारखे काही नाही. मात्र एखादी रीत जुनी असणे वेगळे आणि ती शरीयतने सांगितलेली असणे वेगळे.

शरीयतने काय सांगितले आहे?

गोष्टी चारच आहेत. मय्यतीला गुस्ल देणे, कफन देणे, जनाजाची नमाज आणि दफन. ही चारही कामे फर्जे किफाया आहेत, म्हणजे वस्तीतील काही जणांनी केली तर सर्वांवरची जबाबदारी उतरते आणि कोणीच केली नाहीत तर सर्व गुन्हेगार ठरतात. याला खर्च किती? पुरुषाच्या कफनाचे सुन्नत कपडे तीन : लिफाफा, इजार आणि कमीस. स्त्रीचे पाच : या तिघांसोबत ओढणी आणि सीनाबंद. पाण्यात घालायला बोरीचा पाला, जो आपल्याकडे कोणत्याही बांधावर मिळतो. थोडा कापूर. गोरकनाची मजुरी. कबर झाकण्यासाठी बांबू, फळ्या किंवा फरशी. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खचते. अशा ठिकाणी बगली कबर टिकत नसेल तर सरळ चर खोदून वर फळ्या लावण्यास आलिमांनी परवानगी दिली आहे. या खर्चात कंजुषी करू नये आणि उधळपट्टीही करू नये. माणूस हयातीत शुक्रवारी ज्या दर्जाचे कपडे घालून मशिदीत जात असे त्या दर्जाचे कफन, हे माप फुकहांनी दिले आहे आणि ते फार व्यवहारी माप आहे.

कापड दुकानदारांना एक गोष्ट ठाऊक असते. कफनाच्या मापाबाहेर आणखी दोन तुकडे फाडले जातात, एक इमामासाठी जानमाज म्हणून आणि एक जनाजावर टाकायची चादर म्हणून. हे दोन्ही कफनात मोडत नाहीत. घरातील एखाद्या बालिग माणसाने आपल्या खिशातून घेतले तर त्याची मर्जी. पण मय्यतीच्या तर्क्यातून, तेही लहान वारस असताना, हे घेता येत नाही. दोन मीटर कापडाची काय ती किंमत, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, किमतीचा प्रश्नच नाही, मालक कोण एवढाच प्रश्न आहे.

विवाहित स्त्रीचे कफन माहेरहून यावे ही रीतही आपल्याकडे अनेक घरांत पाळली जाते. माहेरचे शेवटचे वस्त्र म्हणून भाऊ प्रेमाने घेऊन आला तर त्याला कोण अडवणार? पण रोजंदारीवर जाणाऱ्या भावाला निरोपाबरोबरच कफन घेऊन या असे सांगितले जाते, आणि तो येईपर्यंत मय्यत ताटकळते, ही गोष्ट शरीयतच्या अगदी उलट आहे. हनफी मजहबचा फतवा असा की बायकोच्या कफनाचा खर्च नवऱ्यावर आहे, मग ती स्वतः कितीही मालदार असो. आणि दफनाला उशीर करू नये, हे तर लहान मुलालाही ठाऊक आहे.

गल्ल्यावर पहिला हक्क कोणाचा?

माणसाने शेवटचा श्वास घेतला की त्याच्या मालावर चार हक्क एकामागून एक उभे राहतात. पहिला कफन-दफनाचा. दुसरा कर्जाचा. तिसरा वसीयतीचा, तोही उरलेल्या मालाच्या एक तृतीयांशपर्यंत. चौथा वारसांचा. हा क्रम हनफी फिकहच्या मदरशांत विद्यार्थ्यांना पहिल्याच धड्यात शिकवतात. सूरह निसाच्या ११ आणि १२ व्या आयतींत वारसांचे हिस्से सांगताना पुन्हा पुन्हा बजावले आहे की ही वाटणी वसीयत आणि कर्ज यांच्यानंतरची आहे. आयतीत वसीयतीचा उल्लेख आधी असला तरी अदा करताना कर्ज आधी, हा रसूलुल्लाह (सल्ल.) यांचा निर्णय हजरत अली (रजि.) यांनी सांगितला आहे. गहाण टाकलेला दागिना किंवा माल असेल तर त्यावर गहाणदाराचा हक्क कफनाच्याही आधी येतो, हे सोन्यावर कर्ज घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

कर्जाची बाब किती कडक आहे? एका सहाबींचा जनाजा आला. त्यांच्यावर तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काही माल नव्हता. रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी स्वतः नमाज पढवली नाही, साथीदारांना पढण्यास सांगितले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले तेव्हा आपण पुढे झाले. पुढे मुसलमानांना सुबत्ता आली तेव्हा अशा गरीब कर्जदारांचे कर्ज आपण स्वतः फेडत असत. आता आपल्याकडे काय होते पाहा. जनाजासमोर मुलगा किंवा भाऊ उभा राहून सांगतो की मरहूमकडे कोणाचे काही येणे असेल तर माफ करा किंवा आम्हाला भेटा. घोषणा चांगली आहे. पण सोलापूरचा ठोक व्यापारी तिथे नसतो, आडत्या नसतो, दोन महिन्यांचा पगार राहिलेला दुकानातला पोऱ्या मान खाली घालून मागच्या सफेत उभा असतो. त्या घडीला तोंड उघडणार कोण? म्हणून आमचे सांगणे की घोषणा करावीच, पण त्याच आठवड्यात उधारीची वही, रोजमेळ आणि बँकेचे पासबुक घेऊन दोन समजूतदार माणसांसमोर यादी करावी, आणि ज्याचे देणे आहे त्याच्याकडे आपण होऊन जावे.

या यादीत बहुतेक घरे एक कर्ज लिहीतच नाहीत. ते म्हणजे बायकोचे मेहर. मेहर अदा झाले नसेल तर ते इतर कर्जांसारखेच कर्ज आहे, वारसाहक्काच्या आधीचे. बेवेला तिचा वारसाहक्काचा हिस्सा त्याशिवाय मिळतो. परंतु रीत अशी पडली आहे की जनाजा उचलण्यापूर्वी चार बायका तिला धरून आणतात आणि ‘मेहर माफ कर, त्याची वाट हलकी होऊ दे’ असे म्हणतात. ती रडत असते, तिला शुद्ध नसते, ती मान हलवते. झाले, मेहर माफ! ही माफी शरीयतला मान्य नाही, कारण हक्क सोडायला मनापासूनची मर्जी लागते. कायद्यालाही मान्य नाही. नवऱ्याच्या मृत्यूच्या दुःखात बुडालेल्या स्त्रीकडून घेतलेली मेहरची माफी तिच्यावर बंधनकारक नाही, असा निकाल कलकत्ता हायकोर्टाने १९२० सालीच दिला आहे. तिला मेहर सोडायचेच असेल तर चार महिन्यांनी, शांत डोक्याने, रक्कम किती हे ऐकून तिने सोडावे. बहुतेकदा त्या वेळी ती सोडत नाही. तिच्या गरजेला ती रक्कम लागते, आणि त्यात गैर काहीच नाही.

एक हिशेब मांडून पाहू

कल्पना करा की बाजारपेठेतला एक किराणा दुकानदार गेला. मागे आई, बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला मुलगा बावीस वर्षांचा, धाकटा दहाचा, मुलगी सातची. माल, रोकड आणि वसूल होणारी उधारी मिळून आठ लाख तीस हजार रुपये निघाले. त्यांतले तीस हजार शेजारणीने हजच्या पैशांपैकी ठेवायला दिलेले होते. ती अमानत आहे, तर्का नव्हे. ती हिशेबात धरायचीच नाही, उचलून परत करायची. राहिले आठ लाख. कफन-दफनाला दहा हजार लागले. ठोक व्यापाऱ्याचे एक लाख चाळीस हजार, नोकराचा थकलेला पगार पंचवीस हजार, मेहर पंचवीस हजार. एकूण दोन लाख गेले. वसीयत नाही. वाटणीला उरले सहा लाख.

आईला सहावा हिस्सा, एक लाख. बायकोला आठवा, पंचाहत्तर हजार. उरलेले चार लाख पंचवीस हजार मुलांत, मुलाला दोन भाग आणि मुलीला एक. म्हणजे प्रत्येक मुलाला एक लाख सत्तर हजार आणि मुलीला पंचाऐंशी हजार. बेरीज करून पाहा, सहा लाख बरोबर होतात.

आता ही वाटणी झालेलीच नाही असे धरा, आणि थोरल्या मुलाने किंवा काकाने गल्ल्यातून साठ हजार काढून चाळीसव्याचे जेवण घातले. ही रक्कम सर्वांच्या हिश्श्यांतून गेली. त्या साठ हजारांत दहा वर्षांच्या मुलाचे सतरा हजार आहेत आणि सात वर्षांच्या मुलीचे साडेआठ हजार. दोघांचे मिळून साडेपंचवीस हजार. दर शंभर रुपयांमागे साडेबेचाळीस रुपये यतिमांचे. पंगतीत बसलेल्या माणसाच्या ताटातला निम्म्याला थोडा कमी भाग दोन यतीम लेकरांचा आहे! सूरह निसाच्या दहाव्या आयतीत यतिमांचा माल अन्यायाने खाणाऱ्यांविषयी काय फर्मावले आहे ते वाचकांना माहीत आहे. आणि व्यापाऱ्याचे कर्ज फेडण्याआधीच हे जेवण झाले असेल तर मग घास त्या व्यापाऱ्याचाही आहे.

कोणी म्हणेल, आईने परवानगी दिली होती. आईने आपल्या पंचाहत्तर हजारांची परवानगी द्यावी. नाबालिग मुलांचा हिस्सा दान करण्याचा, सोडण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार आईला नाही, काकाला नाही, थोरल्या भावालाही नाही. मुलाने स्वतः ‘हो’ म्हटले तरी नाबालिगाच्या ‘हो’ला अर्थ नाही. मुस्लिम कायद्यात आई ही नाबालिगाच्या मालमत्तेची आपोआप पालक होत नाही आणि तिने केलेली विक्री मुलावर बंधनकारक नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली ठरवले. वडील आणि आजोबा नसतील, त्यांनी कोणाला वसी नेमलेले नसेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो.

दोन्ही बाजूंचे आलिम काय म्हणतात?

हे वहाबी विचार आहेत, असे म्हणून काही बंधू पान उलटतील. त्यांनी थोडे थांबावे. मौलाना अशरफ अली थानवी यांनी या रीतींविरुद्ध लिहिले हे सर्वांना माहीत आहे. परंतु बरेलीचे आला हजरत इमाम अहमद रजा खान यांनी या एकाच विषयावर, म्हणजे मय्यतीच्या घरच्या दावतीवर, ‘जलिय्युस्सौत’ नावाची स्वतंत्र पुस्तिका लिहून अशी दावत नाजायज ठरवली आहे, हे किती जणांना माहीत आहे? वारसांत नाबालिग असेल तर ही बाब अधिकच कठोर होते, हेही त्यांनी सांगितले आहे. फातिहा आणि ईसाले सवाब या बाबतीत या दोन बाजूंचे मतभेद जगजाहीर आहेत. यतिमाच्या पैशावर घातलेल्या पंगतीच्या बाबतीत मात्र मतभेद नाही. ज्या मुद्द्यावर देवबंद आणि बरेली एक आहेत, त्या मुद्द्यावर आपली बिरादरी दोघांच्याही विरुद्ध आहे.

मूळ हदीसही दोघांची एकच. हजरत जरीर (रजि.) सांगतात की मय्यतीच्या घरी जमणे आणि त्या घरच्यांनी जेवण करणे याला सहाबा आक्रोश-विलापातच जमा करीत. उलट हिजरी ८ मध्ये मूताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची बातमी आली तेव्हा रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी इतरांना सांगितले की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, ते आज दुःखात गुंतले आहेत.

आपल्या खेड्यांत अजूनही मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे लोक, त्यांत हिंदू घरेही आली, पिठलं-भाकरी, वरण-भात झाकून आणून देतात. कोणी त्याला धार्मिक विधी समजत नाही, कोणी त्याची फातिहा देत नाही. पण आमच्या मते धाराशिव जिल्ह्यातल्या सर्व मय्यत-रीतींत सुन्नतच्या सर्वांत जवळची रीत ही झाकून आणलेली भाकरी आहे. चाळीसव्याची बिर्याणी तिच्या जवळपासही येत नाही.

मग मरहूमसाठी काहीच करायचे नाही काय? करायचे, जरूर करायचे. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी आपल्या आईच्या नावाने विहीर खोदून दिली. आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाण्याच्या सदक्याचे मोल कोणी समजावून सांगायला हवे काय? मदरशाला टाकी, कबरस्तानला हातपंप, वस्तीच्या नळाची दुरुस्ती, यतीम मुलाची शाळेची फी. अट एवढीच की आधी कर्ज फिटावे, वाटणी व्हावी आणि मग बालिग वारसाने आपल्या हिश्श्यातून करावे. वरच्या हिशेबातील थोरल्या मुलाला आपल्या एक लाख सत्तर हजारांतून जे करायचे ते त्याने मोकळेपणाने करावे. दिवसाचे बंधन नाही, चाळीसव्याच दिवशी व्हावे असे नाही. कुरआन पढण्याचे पैसे ठरवून हाफिजांना बोलावण्याची रीतही सोडावी. शिकवण्याची आणि इमामतीची तनखा नंतरच्या हनफी आलिमांनी मान्य केली आहे, सवाबासाठी पढण्याची मजुरी मान्य केलेली नाही. पैसे घेऊन पढले तर पढणाऱ्यालाच सवाब नाही, तो पुढे काय पोचवणार?

राहिला प्रश्न अब्रूचा. पेठेत उठबस आहे, चाळीसवा केला नाही तर लोक नावे ठेवतील, उधारी देणारे हात आखडतील, असे व्यापारी बंधू म्हणतात. आमचा अनुभव उलटा आहे. ज्या घराने आठवड्याच्या आत ठोक व्यापाऱ्याला फोन करून ‘वडिलांकडे आपले किती निघतात’ असे विचारले, त्या घराला माल मिळणे कधी बंद झाले नाही. ज्या घराने बकरे कापले आणि देणेकऱ्याला ‘बघू पुढे’ म्हटले, त्याची पत पेठेत चाळीस दिवसही टिकत नाही.

अर्धलीच्या शेळ्या आणि भागीदारीचे दुकान

बकऱ्यांवरून आठवले. ज्या जातीच्या शेळ्यांना देशभर उस्मानाबादी म्हणून ओळखतात, त्या आपल्याच मुलखातल्या. काळ्या रंगाच्या, जुळी देणाऱ्या, कोरड्या चाऱ्यावर तगणाऱ्या. अनेक घरांत त्या अर्धलीने पाळलेल्या असतात, म्हणजे शेळी एकाची, राखण दुसऱ्याची, पिलांत वाटा दोघांचा. (अर्धलीचा करार शरीयतप्रमाणे कसा करावा, हा स्वतंत्र विषय आहे.) माणूस गेला की दावणीला बांधलेले सर्वच त्याचे, असे धरून त्यांतलेच दोन बोकड चाळीसव्याला कापले जातात. त्यांतला अर्धा वाटा कोणाचा, हे त्या गडबडीत कोणी विचारत नाही. इथे तर यतिमाबरोबर शेजाऱ्याचाही हक्क मारला गेला.

दुकान भागीदारीत असेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने शरीयतमध्ये शिरकत संपते. १९३२ च्या भागीदारी कायद्यातही, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, फर्म मृत्यूने विसर्जित होते. त्यानंतरही जिवंत भागीदाराने हिशेब न करता तोच माल वापरून धंदा चालू ठेवला, तर मृताच्या वारसांना नफ्यातील वाटा किंवा त्यांच्या रकमेवर दरसाल सहा टक्के व्याज मागण्याचा पर्याय कायद्याने दिला आहे. मुसलमान वारसाने यांतला नफ्याचा पर्याय घ्यावा हे सांगणे न लगे.

नामनिर्देशनाबाबत, म्हणजे नॉमिनीबाबत मोठा गैरसमज आहे. बँक खात्यावर किंवा शेअर्सवर थोरल्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून असेल तर ती रक्कम त्याची झाली, असे तोही समजतो आणि इतरही. तसे नाही. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की नॉमिनीचे नाव म्हणजे वारसाहक्क नव्हे. नॉमिनीने पैसा उचलावा आणि वारसांत वाटावा. बहिणीचा हिस्सा ‘तिने माफ केला’ म्हणून गिळणाऱ्यांनाही हेच लागू. वारसाहक्कात रूढी नव्हे तर शरीयत चालेल, हे १९३७ च्या शरीयत कायद्याने ठरले, आणि त्याची गरजच मुळी मुलींना रूढीने डावलले जात होते म्हणून पडली. शेतजमिनीचा प्रश्न त्या कायद्याने वगळला आहे. त्यासाठी जाणत्या वकिलाला विचारावे.

वाटणीत कोणाला वारस धरायचे, याचाही एक कठीण धडा या जिल्ह्याने पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूरबरोबरच आपल्या सास्तूर-उमरगा भागात घरेच्या घरे दगडमातीखाली गेली. बाप आणि मुलगा एकाच छताखाली दबले, आधी कोण गेला हे सांगणारे कोणी नाही. अशा वेळी हनफी कायदा सांगतो की ते दोघे एकमेकांचे वारस होत नाहीत. बापाचा माल बापाच्या हयात वारसांना, मुलाचा माल मुलाच्या. म्हणजे मुलाची बेवा सासऱ्याच्या मालात नवऱ्यामार्फत हिस्सा मागू शकत नाही, पण नवऱ्याच्या स्वतःच्या मालात तिचा हिस्सा आणि मेहर पूर्ण शाबूत राहते. घरातील कोणाचे काय, हे हयातीत लिहून ठेवलेले नसेल तर हा निवाडा अशक्य होतो.

बेवा आणि दुकान

शेवटी त्या बाईविषयी, जिच्याकडे या चाळीस दिवसांत सर्वांत कमी लक्ष जाते. नवरा गेला की तिच्या बांगड्या फोडतात, गळ्यातील काळ्या पोतीचा लच्छा तोडतात. इद्दतीत, म्हणजे चार महिने दहा दिवस किंवा ती गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत, तिने दागिना आणि शृंगार टाकावा हे शरीयतचे फर्मान आहे. ते उतरवून ठेवल्याने पूर्ण होते. फोडणे-तोडणे म्हणजे मालाची नासाडी, आणि इद्दत संपल्यावरही आयुष्यभर पांढऱ्या कपड्यात बसवणे हे तर शरीयतवर आपण घातलेले ओझे. ती हवी ती बांगडी घालू शकते, निकाह करू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडण्यासारख्या विधवा प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. हेरवाडकरांना ठराव करावा लागला. आपल्याला नुसते फिकहचे पुस्तक उघडायचे आहे.

धंद्याचा प्रश्न वेगळा आहे. इद्दतीत बाईने घराबाहेर पाऊल टाकू नये म्हणून दुकान बंद राहते, किंवा दीर चालवायला घेतो आणि मग ते त्याचेच होऊन बसते. हनफी फिकहमध्ये तलाकच्या इद्दतीतली बाई आणि नवरा मेलेली बाई यांत फरक केला आहे. नवरा मेलेल्या बाईला नफका द्यायला कोणी नाही, म्हणून रोजीसाठी तिला दिवसा बाहेर पडता येते. रात्र मात्र तिने त्याच घरी काढावी. भाजीची टोपली घेऊन आठवडी बाजारात बसणारी असो, शिलाईचे कपडे गिऱ्हाइकाला पोचवणारी असो किंवा नवऱ्याच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी असो, साध्या कपड्यांत, पडद्याने, संध्याकाळी परत येण्याच्या अटीवर तिला वाट मोकळी आहे. दीर, भाऊ, मामा यांनी मदत करावी, माल आणून द्यावा, ठोक व्यापाऱ्याशी बोलावे. उधारीची वही आणि गल्ल्याची किल्ली मात्र पहिल्या आठवड्यापासून तिच्याजवळ असावी, आणि मुलांच्या हिश्श्याचे पान त्या वहीत वेगळे असावे.